शाळा शाळेशी बोलते तेव्हा

काही वर्षांपूर्वी वारूळवाडीतल्या एका शाळेनं आम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं. नारायणगावला लागून असलेलं हे गाव. आमचं काम संशोधनाचं, त्यामुळे या भागातल्या शाळांत विज्ञानाच्या निमित्तानं अधूनमधून जाणं होतं. या वेळी निमित्त वेगळं होतं. युरोपातल्या एका शाळेशी इंटरनेटवरून समोरासमोर बोलायचं ठरलं होतं. वर्ग झाडून-पुसून सजवला होता, पडदा टांगला होता, मुलं कडक गणवेशात बसली होती.

अर्धा तास गप्पा झाल्या. तुमच्याकडे आता किती वाजलेत, तुमचा आवडता खेळ कोणता, तुम्ही काय खाता असे प्रश्न दोन्हीकडून झाले. आपल्या मुलींनी लेझीम केलं, पलीकडच्या मुलांनी एक गाणं म्हटलं. सगळ्यांनी हात हलवून निरोप घेतला. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना विचारलं, “काल काय कळलं?” एक मुलगा म्हणाला, “ते लोक गोरे असतात आणि त्यांच्या शाळेत गालिचा असतो.” दुसरी म्हणाली, “त्यांना आपलं लेझीम आवडलं.” एवढंच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गणवेश नसलेल्या एका मुलाला त्या दिवशी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, दाराजवळ बसवलं होतं. पश्चिमेकडच्या डोंगरातून बागायतीत मजुरीला उतरलेल्या एका ठाकर कुटुंबातला तो मुलगा. आम्ही तिथंच होतो, ते पाहिलं, आणि पाहुणे म्हणून गप्प बसलो. हजारो किलोमीटरवरच्या मुलांची ओळख व्हावी म्हणून चाललेल्या कार्यक्रमात त्याच वर्गातलं एक मूल नजरेआड केलं गेलं, ही गोष्ट नंतर बरेच दिवस डोक्यातून जाईना. मग अशा देवाणघेवाणीचा इतिहास आम्ही जरा नीट वाचायला घेतला. तो शंभर वर्षांचा तरी आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा आपल्या पुणे जिल्ह्यातला आहे.

या विषयाला हल्ली ‘आंतरसांस्कृतिक क्षमता’ असं जड नाव आहे. सोप्या भाषेत, दुसऱ्याची जगण्याची रीत समजून घेता येणं, आणि आपली स्वतःची रीत क्षणभर त्याच्या नजरेनं पाहता येणं. यातला दुसरा भाग जास्त अवघड. मायकल बायराम या ब्रिटिश अभ्यासकानं 1997 साली या विषयावर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं यावरच भर दिला आहे. दुसऱ्यांच्या रीतीवरचा अविश्वास आणि आपल्या रीतीवरचा विश्वास, दोन्ही थोडा वेळ बाजूला ठेवायची तयारी हवी, असं त्याचं म्हणणं. गालिचा पाहून हे होत नाही, हे आम्हाला पुस्तक वाचण्याआधीच वारूळवाडीत कळलं होतं.

आता थोडं मागे जाऊ. फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या डोंगरात बार-सुर-लू नावाचं खेडं आहे. पहिल्या महायुद्धात छातीला जखम झालेला सेलेस्तां फ्रेने हा तरुण तिथं शिक्षक होता. फुप्फुस अधू झाल्यामुळे त्याला वर्गात फार वेळ मोठ्यानं बोलवत नसे. 1924 साली त्यानं वर्गात एक छोटा छापखाना आणला. मुलं आपल्या अनुभवांवर लिहायची, स्वतः खिळे जुळवायची, स्वतः छापायची. 1926 साली फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या समुद्रकाठी असलेल्या त्रेगंक इथल्या रने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाशी त्यांची देवाणघेवाण सुरू झाली. छापलेली पानं टपालानं इकडून तिकडे जाऊ लागली. पानांबरोबर पार्सलं. डोंगरातल्या मुलांना समुद्राच्या वस्तू हातात घ्यायला मिळाल्या, समुद्राकाठच्यांना डोंगरातल्या.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, दोन्ही वर्ग एकाच देशातले होते. ब्रिटनीत घरोघरी ब्रेटन ही फ्रेंचहून अगदी निराळी भाषा बोलली जाई. म्हणजे परकेपण देशाच्या आतच होतं, त्यासाठी सरहद्द ओलांडायची गरज पडली नाही. दुसरी, पार्सल पाठवायचं म्हटल्यावर मुलांना आधी आपल्याच गावाकडे बघावं लागलं. समुद्र कधीच न पाहिलेल्या मुलाला, किंवा डोंगर न पाहिलेल्या मुलाला, आपलं गाव कसं समजावणार? रोजचं, डोळ्यांना दिसेनासं झालेलं सगळं पुन्हा दिसायला लागतं ते अशा वेळी. टपाल सावकाश जातं हाही इथं फायदाच होता. उत्तर येईपर्यंत विचार करायला वेळ मिळे. झटपट संपर्काचे आम्ही विरोधक नाही, पण वेग हा दर वेळी गुणच असतो असंही नाही.

यानंतरचा आपल्याकडचा टप्पा 1956 चा. तो शाळेतला नाही, आणि त्याचा हेतूही शेती आणि गावसुधारणा हा होता. तरीही तो इथं सांगतो, कारण यंत्राच्या साहाय्यानं शिकणं म्हणजे नेमकं काय, हे त्याच्याइतकं स्वच्छ दाखवणारे प्रयोग फार थोडे आहेत. कॅनडात 1941 पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालत. शेजारीपाजारी एका घरी जमून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायची आणि आपलं म्हणणं लिहून कळवायचं. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं हीच कल्पना पुणे केंद्रावरून अजमावली. पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात वीसेक जणांचं श्रोतृमंडळ एकत्र बसून ऐके, मग बोलत बसे, आणि त्यातून निघालेले प्रश्न पुण्याला कळवले जात. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

प्रयोगाचं मोजमाप करायला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आलेले पॉल नोयराथ हे समाजशास्त्रज्ञ होते. मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेला गेले होते. (त्यांचे वडील ऑटो नोयराथ यांची एक खूण आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. लोकसंख्या दाखवायला सारख्या आकाराच्या छोट्या माणसांच्या रांगा काढायची चित्रपद्धती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. भूगोलाच्या पुस्तकात ती आपण नेहमी पाहतो.) पॉल यांनी तीन प्रकारच्या गावांची तुलना केली. रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली गावं, रेडिओ असून मंडळ नसलेली गावं, आणि रेडिओच नसलेली गावं. कार्यक्रमांआधी आणि नंतर तेच प्रश्न विचारून माहितीत किती भर पडली ते पाहिलं. मंडळाच्या गावांत भर चांगलीच मोठी निघाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फार थोडी होती.

वैज्ञानिक म्हणून आम्हाला ही मांडणी फार आवडते. यंत्र आणि यंत्राभोवतीचा माणसांचा गट या दोन गोष्टी तिनं वेगळ्या काढून दाखवल्या. आपण बहुतेक वेळा त्या वेगळ्या काढत नाही. प्रोजेक्टर आला, संगणक आला, टॅबलेट आला की शिक्षण आलं असं धरून चालतो, आणि ते न आल्यावर यंत्राला नावं ठेवतो. 1959 पासून ही मंडळं देशभर पसरवण्यात आली, पण पुढच्या काळातल्या शैक्षणिक प्रसारणाचा भर मुख्यतः ‘दाखवण्यावर’ राहिला. पुण्यात 1984 साली सुरू झालेल्या बालचित्रवाणीनं मराठी मुलांसाठी पुष्कळ कार्यक्रम केले, ते लहानपणी पाहिलेले वाचक इथं असतीलच. 2017 साली ती बंद झाली. पण पडद्याकडून वर्गाकडे येणारा तो एकेरी रस्ता होता. वर्गाकडून पडद्याकडे काही जात नसे.

दुहेरी रस्ता संगणकानं खुला केला. 1988 साली, शीतयुद्ध अजून संपलेलं नसताना, न्यूयॉर्क राज्यातल्या बारा आणि मॉस्कोतल्या बारा शाळा दूरसंचाराच्या जाळ्यानं जोडण्यात आल्या. पुढे त्यातूनच ‘आय-अर्न’ ही शाळांची जागतिक संघटना उभी राहिली. भारतात तिचं काम पुण्यातून चालत आलं आहे. नुसत्या ‘पत्रमैत्री’पेक्षा दोन्ही वर्गांनी मिळून एखादं काम करावं, यावर या लोकांचा भर आहे. त्यांच्या एका उपक्रमाचं आम्हाला फार कौतुक वाटतं. दोन वर्ग एकमेकांना टपालानं एकेक कापडी अस्वल पाठवतात. अस्वल पाहुणा म्हणून राहतं, मुलांबरोबर त्यांच्या घरी जातं, आणि तिथून आपल्या वर्गाला ई-मेलनं रोजनिशी पाठवतं. ती अर्थातच यजमान मुलं लिहितात, पण पाहुण्याच्या तोंडून. “आज यांच्याकडे सगळे जमिनीवर बसून जेवले, मला आधी बसताच येईना,” असं लिहायचं तर मुलाला आपल्याच घरात दारातून नव्यानं शिरावं लागतं. बायराम ज्या अवघड भागाबद्दल बोलतो, तो दहा वर्षांचं मूल इथं खेळता खेळता करतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फ्रेंच शिकवणाऱ्या झिल्बेर्त फर्स्टेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये आणखी एक युक्ती काढली. अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना एकसारखे शब्द आणि अर्धी वाक्यं द्यायची. ‘चांगला शेजारी म्हणजे…’ अशा धर्तीची. प्रत्येकानं आपल्या मातृभाषेत पूर्ण करायची. मग दोन्ही याद्या इंटरनेटवर शेजारी-शेजारी मांडायच्या आणि फरकांबद्दल एकमेकांना विचारायचं. शब्दकोशात समान असलेले शब्द मनात समान नसतात, हे कुणी न सांगता मुलांना दिसतं. आमच्या दृष्टीनं यातला ‘आपल्या मातृभाषेत’ हा भाग मोलाचा आहे. आपल्याकडचा परदेशी संवाद बहुधा इंग्रजीत होतो, आणि मग जी दोन-तीन मुलं इंग्रजी बोलतात त्यांचाच तो होतो. बाकीचा वर्ग प्रेक्षक.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणं इथं सांगायला हवीत. दिल्लीच्या कालकाजीत 1999 साली भिंतीत संगणक बसवून गाजलेले सुगत मित्र यांनी 2009 च्या सुमाराला ब्रिटनमधल्या एका वर्तमानपत्रातून आवाहन केलं. ज्यांच्याकडे वेळ आहे अशांनी भारतातल्या मुलांशी संगणकावरून गप्पा मारायला यावं. त्यातून ‘ग्रॅनी क्लाउड’ म्हणजे आज्यांचा मेळा जमला. त्यांनी शिकवायचं नव्हतं. विचारायचं, ऐकायचं, कौतुक करायचं, जशी आजी करते तसं. 2013 साली मित्र यांना मिळालेल्या टेड पारितोषिकातून जी सात केंद्रं उभी राहिली, त्यांतलं एक फलटणचं. तिथल्या कमला निंबकर बालभवनाशी ते जोडलेलं होतं. अमेरिकेत वाढलेल्या आणि फलटणला आपलं घर मानणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी मुलाच्या घरच्या बोलीला मान देणारी ही शाळा घडवली. म्हणजे परकी आजी पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधीपासून, वर्गातल्या वेगवेगळ्या बोलींच्या मुलांचं एकमेकांशी काय नातं असावं याचा विचार त्या शाळेत झालेला होता. अशा जमिनीवर नवं यंत्र आलं तर त्याचा उपयोग निराळा होतो, असं आम्हाला वाटतं.

दुसरं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचं. 2020 च्या डिसेंबरात त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, हे सर्वांना माहीत आहे. वर्तमानपत्रांत जास्त गाजले ते पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड. आमच्या विषयाच्या दृष्टीनं त्यांचा दुसरा उपक्रम महत्त्वाचा. भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाइन अशा वैर असलेल्या देशांतली मुलं त्यांनी एकमेकांशी जोडली. एकदाच हात हलवून निरोप नव्हता, सहा आठवड्यांची जोडी होती. जोडीनं काहीतरी तयार करायचं, पाहुण्यांची व्याख्यानं एकत्र ऐकायची, आपल्यात सारखं काय आहे ते शोधायचं.

केवळ भेट झाल्यानं पूर्वग्रह जातात का? गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 सालीच सांगितलं होतं की भेटीला काही अटी असाव्या लागतात. भेटणारे त्या प्रसंगापुरते तरी बरोबरीचे हवेत, दोघांचं उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागली पाहिजे, आणि या सगळ्याला वडीलधाऱ्यांचा, संस्थेचा पाठिंबा हवा. नंतर शेकडो अभ्यास झाले. 2006 साली पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. भेटीगाठींनी पूर्वग्रह सरासरीनं कमी होतात, आणि या अटी पाळल्या तर जास्त कमी होतात, असं त्यात दिसलं. वारूळवाडीतला तो अर्धा तास या कसोटीवर लावून बघा. बरोबरी? आपण गालिचा बघत होतो, ते लेझीम बघत होते. एक उद्दिष्ट? नव्हतं. आणि वडीलधाऱ्यांनी तर एकाला दाराजवळ बसवलेलं.

गंमत म्हणजे लेझमाऐवजी दाखवण्यासारखं याच तालुक्यात किती आहे! जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचे ब्राह्मी शिलालेख आहेत. त्यांतल्या तीन लेखांतले दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. इरिल, चिट आणि चंद अशी त्यांची नावं. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेनं आलेले किंवा त्यांच्या वंशातले हे लोक असावेत. इरिलानं पाण्याची दोन टाकी दिली, चिटानं भोजनमंडप, चंदानं लेण्याच्या दर्शनी भागाचं काम. लेख मात्र इथल्या प्राकृतात आहेत. परका माणूस इथं आला, इथली भाषा त्यानं घेतली, स्वतःचं यवन असणं लपवलं नाही, आणि दिलं काय, तर सगळ्यांनी मिळून वापरायच्या वस्तू. पाणी आणि जेवायची जागा. युरोपातल्या वर्गाला हे लेख दाखवून “तुमच्या गावात बाहेरून आलेल्यांनी काय बांधलं?” असं विचारलं असतं, तर गप्पा कुठल्या कुठे गेल्या असत्या.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही त्या शाळेतल्या बाईंकडे पुन्हा गेलो. त्यांनाही तो कार्यक्रम मनातून आवडला नव्हता, असं बोलता बोलता निघालं. “पण सर, वरून फोटो मागतात,” त्या म्हणाल्या. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. या खेपेला परदेश नको असं दोघांनी मिळून ठरवलं. फ्रेनेची आठवण होतीच. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचा एक वर्ग आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांमुळे मिळाला. मोबाइलवरून लिहिलेल्या यादीचे फोटो आणि आवाजाची मुद्रणं पाठवायची, एवढंच साधन. मुद्दाम समोरासमोर बोलणं शेवटी ठेवलं.

नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे, ती या वर्गानं सहलीत पाहिली होती. 45 मीटर व्यासाच्या तीस डिश. चौदा मध्यभागी जवळजवळ, आणि सोळा तीन भुजांवर पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. एकेकटी डिश आकाशाचं फार ढोबळ चित्र देते. दोन डिशना आलेल्या एकाच लहरीतला फरक ताडून पाहिला की तपशील उमटतो. शेजारच्या जोड्यांमधून मोठे, पसरट आकार कळतात, लांबच्या जोड्यांमधून बारकावे. दोन्ही लागतात. उपमा ही पुरावा नसते हे आम्ही जाणून आहोत, पण मुलांना ती लगेच पटली.

आम्ही चार शब्द दिले. बाजार, पाहुणा, कोळी, पाऊस. दोन्ही वर्गांनी प्रत्येक शब्दापुढे सुचेल ते आपापल्या बोलीत लिहायचं. ‘कोळी’वरच पहिली चकमक झाली. किनाऱ्यावरच्या मुलांच्या लेखी कोळी म्हणजे होडी आणि जाळं. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरात राहणारे, भातशेती करणारे महादेव कोळी असतात, हे त्यांना पटेचना. चार दिवस इकडून तिकडे प्रश्न चालले होते.

‘पाऊस’ची यादी आली तेव्हा बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. किनाऱ्याच्या रकान्यात होतं: मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, घरात पैसे नाहीत, सुकट. वारूळवाडीच्या रकान्यात: पेरणी, विहिरीला पाणी, टोमॅटोवर करपा, बाजारभाव. वर्ग खुशीत होता, फरक स्पष्ट दिसत होता. बाईंनी विचारलं, “आणखी कुणाचं राहिलं?” तेव्हा दाराजवळच्या त्या मुलानं आपला कागद पुढे केला. त्याच्या कागदावर होतं: आवणी, इरलं, गावी परत जायचं, रानभाज्या. आणि भाज्यांची नावं, सात-आठ, जी वर्गातल्या कुणालाच ठाऊक नव्हती, बाईंनाही नाही. ती नावं कशी लिहायची हे बाईंनी त्याला विचारून घेतलं. दोन वेळा खोडून पुन्हा लिहिली. आधीच्या दोन्ही रकान्यांत ती कुठेच बसेनात, म्हणून मग त्यांनी फळ्यावर तिसरा रकाना आखला.